डेगूला संधिवात झाला तर: पिंजरा, औषध आणि रोजची देखभाल

डेगू हा मूळचा मध्य चिलीचा, उंदरासारखा कुरतडणारा छोटा प्राणी. अँडीजच्या पश्चिमेकडच्या झुडपी टेकड्यांवर तो कळपाने राहतो, दिवसा वावरतो, बिळं खणतो, दगडांवर चढतो. प्रौढ डेगूचं वजन साधारण १७० ते ३०० ग्रॅम असतं आणि घरात नीट सांभाळला तर तो ५ ते ८ वर्षं जगतो. सांध्यांची झीज, म्हणजेच हा संधिवात, बहुधा उतारवयात दिसू लागते. आधी पाय मोडलेला असेल किंवा अंगावर चरबी जास्त असेल, तर ती लवकरही येते. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. मात्र दुखणं कमी करता येतं, हालचाल टिकवता येते, आणि असा डेगू पुढेही बराच काळ मजेत राहू शकतो. त्यासाठी औषध हवंच, पण निम्मं काम पिंजऱ्यात असतं. उंच पिंजरा तसाच ठेवून नुसतं औषध दिलं, तर प्राणी रोज त्याच उड्या मारून तोच सांधा दुखावून घेतो.

लक्षणं कशी ओळखायची

डेगू दुखणं लपवतो. जंगलात जो लंगडताना दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून तो ओरडत नाही, पाय धरून बसत नाही. उघड लंगडणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे लक्ष सवयींवर ठेवा.

झोपून उठल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं चाल आखडलेली असते, मग मोकळी होते. वरच्या फळीवर झोपणारा डेगू तळाशी झोपू लागतो. उडी मारण्याआधी थांबतो, अंदाज घेतो आणि परत फिरतो. पिंजऱ्यातल्या चाकावर धावणं सुटतं. पाठीला कुबड काढून बसतो. एरवी आपणहून हातावर येणारा डेगू हात लावला की दात किटकिटवतो.

खाताना नीट बघा. निरोगी डेगू मागच्या पायांवर बसून गवताची काडी पुढच्या दोन्ही हातांत धरतो आणि टोकापासून भराभर कुरतडतो. मनगट दुखत असेल तर काडी सारखी सुटते, मग तो ती जमिनीवर ठेवून मान खाली घालून खातो. कंबर किंवा मांडीचा सांधा दुखत असेल तर मागच्या पायांवर बसणंच टाळतो.

दुसरी खूण केसांत दिसते. डेगूच्या मागच्या पायांच्या बोटांवर, नखांच्या वर, राठ केसांची फणी असते आणि तिने तो अंग विंचरतो. पाय वर उचलेनासा झाला की मानेमागचे आणि कमरेवरचे केस चिकट, गुंतलेले दिसू लागतात. चेहरा स्वच्छ पण पाठीचा मागचा भाग अस्ताव्यस्त असेल, तर सांधे तपासायची वेळ आली आहे.

घरी निदान करू नका

संधिवातासारखी दिसणारी दुखणी बरीच आहेत: तळपायाला झालेली जखम, वाढून वळलेली नखं, बारीक फ्रॅक्चर, मणक्याची इजा, गाठ, दाढांचा त्रास. डेगूला मधुमेह सहज होतो आणि त्यानेही तो मलूल, अशक्त दिसतो. म्हणून प्राण्याच्या डॉक्टरांकडे जाणं टळत नाही, आणि डॉक्टर असे हवेत ज्यांना ससे, गिनीपिग, चिंचिला यांसारख्या लहान प्राण्यांचा सराव आहे. भारतात डेगू मोजक्याच घरांत आहेत, त्यामुळे फोनवरच विचारा: लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांना भूल देऊन एक्स-रे काढता का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे चौकशी करा. ब्रिटन, जर्मनीत राहणाऱ्यांना असे डॉक्टर तुलनेने सहज मिळतात, कारण तिथे डेगू पाळणारे बरेच आहेत.

जाण्याआधी तीन-चार दिवस, रोज साधारण त्याच वेळी, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा: झोपून उठतानाचा, उतार चढतानाचा, खातानाचा. दवाखान्यात घाबरलेला डेगू एकतर गोठून बसतो किंवा काही झालंच नाही असा पळतो. डॉक्टरांना घरचं खरं चित्र व्हिडिओतच दिसतं. सोबत गेल्या काही आठवड्यांची वजनं आणि रोजच्या खाण्याची यादी न्या. लहान पेटीत त्याचा जोडीदारही बरोबर असू द्या.

एक्स-रेसाठी भूल द्यायची म्हणून रात्रभर उपाशी ठेवू नका. डेगूला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्रा-मांजराचा तो नियम इथे लागू पडत नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्यांचं काम मंदावतं. गवत शेवटपर्यंत समोर असू द्या आणि भुलीतून उठल्यावर लगेच खायला मिळेल अशी तयारी ठेवा.

पिंजरा खाली आणा

हे काम निदान झाल्याच दिवशी सुरू करता येतं. मात्र सगळं एका दिवसात उलथंपालथं करू नका. डेगू वासावर आणि ओळखीच्या वाटांवर चालतो, त्यामुळे आठवडाभरात टप्प्याटप्प्याने बदल करा आणि जुनं घरटं तसंच ठेवा.

आधी उंची. दोन फळ्यांमधलं अंतर १० ते १५ सेंटिमीटरच्या वर नको. त्याहून उंच फळ्या काढून टाका किंवा मध्ये एक फळी वाढवा. सगळे मजले काढून एकच सपाट जागा करण्याचा मोह होतो, तो टाळा. चढायला काहीच उरलं नाही तर स्नायू सुकतात आणि सांध्यावरचा भार वाढतो. थोडी चढ-उतार हवी, पडझड नको. पडलाच तर उंचावरून आपटू नये म्हणून जिथून पडू शकतो तिथे आडवी झोळी किंवा रुंद फळी लावा.

मग उतार. फळीची लांबी उंचीच्या तिप्पट ठेवा. १५ सेंटिमीटर चढायचं असेल तर ४५ सेंटिमीटरची फळी घ्या, चढ साधारण २० अंशांचा होतो. तीच फळी ३० सेंटिमीटरची घेतली तर चढ ३० अंशांचा होतो, आणि दुखऱ्या कमरेला हा फरक लगेच जाणवतो. रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ३ सेंटिमीटरची पट्टी. पकडीसाठी बाटलीची बुचं करतात ती साल (कॉर्क) किंवा आडव्या बारीक लाकडी पट्ट्या लावा. लाकूड बिनरंगाचं, पॉलिश न केलेलं हवं, कारण ते खाल्लं जाणारच. खिळ्यांची टोकं आणि डिंकाचे गोळे बाहेर राहिलेत का तेही बघा.

जाळीचा तळ संधिवाताच्या डेगूला मुळीच चालत नाही. बोटं जाळीत जातात, तळपायाला जखमा होतात. जाळीवर लाकडी फळी टाका. सगळ्यात खालच्या मजल्यावर कागदी लगद्याचं किंवा अस्पेन लाकडाचं, धूळ नसलेलं अंथरूण ५ ते ८ सेंटिमीटर पसरा. देवदार आणि ओल्या पाइनचा भुसा नको, त्यातलं तेल श्वासाला त्रास देतं. फ्लीसचं कापड मऊ असतं, पण कापड कुरतडून गिळणारे डेगू असतात. पहिले दोन-तीन दिवस कडा तपासा. धागे सुटलेले दिसले तर कापड काढून कागदाच्या पट्ट्या वापरा, कारण सुटा धागा पायात गुंडाळला तर रक्तपुरवठाच बंद होतो.

खाणं, पाणी, गवत आणि झोपायची जागा, या चारही गोष्टी तळमजल्यावर आणा. वर आणखी एक वाटी असली तर उत्तम, पण वर गेल्याशिवाय काही मिळत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. वाटी जड चिनीमातीची, काठ ३-४ सेंटिमीटरचा. गवत टांगलेल्या जाळीतून ओढायला मान आणि हात दोन्ही ताणावे लागतात, म्हणून त्याचा ढीग खालीच ठेवा. पाण्याच्या बाटलीची नळी चार पायांवर उभ्या डेगूच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. घरट्याचं दार १० सेंटिमीटर रुंद आणि उंबरा २-३ सेंटिमीटरहून कमी असावा.

चाक काढावं का? डेगूला चाक मनापासून आवडतं आणि हलकी हालचाल सांध्यांना हितकारक असते, म्हणून आधी चाक दुरुस्त करून बघावं. व्यास किमान ३० सेंटिमीटर, धावपट्टी सलग, आत बुचाची साल लावलेली आणि चाक तळाशी बसवलेलं. धावताना पाठ सरळ राहते का ते बघा. पाठ वाकत असेल, एक पाय उचलून धरत असेल किंवा चाकावरून उतरल्यावर लंगडत असेल, तर मात्र चाक बंद.

बाहेर फिरायला सोडताना आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरश्या घात करतात. मागचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि कमरेच्या सांध्याला हिसका बसतो. सतरंजी किंवा जाड सुती चादर ताणून पसरा. तागाचं पोतं नको, त्याच्या विणीत नखं अडकतात.

औषध: हिशेब स्वतः तपासा

डेगूच्या संधिवातावर डॉक्टर बहुतेक वेळा मेलॉक्सिकॅम देतात. ते दुखणं आणि सूज दोन्ही कमी करतं. मात्रा डॉक्टरच ठरवतात. मालकाने हिशेब मात्र समजून घ्यायला हवा, कारण एवढ्याशा जिवाच्या बाबतीत दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी अनर्थ होतो.

समजा डेगू २०० ग्रॅमचा आहे आणि डॉक्टरांनी किलोला ०.५ मिलिग्रॅम असं सांगितलं. म्हणजे त्याला हवं ०.१ मिलिग्रॅम. मांजरांसाठीच्या पातळ औषधात एका मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम असतं, तेव्हा त्यातलं ०.२ मिलिलिटर झालं. कुत्र्यांसाठीच्या औषधात एका मिलिलिटरमध्ये १.५ मिलिग्रॅम असतं, त्यातलं ०.०७ मिलिलिटरही पूर्ण लागत नाही. बाटली बदलली आणि प्रमाण तेच ठेवलं, तर तिप्पट औषध जातं. माणसांची ७.५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे या डेगूच्या ७५ मात्रा, म्हणून तिचा तुकडा करून देण्याचा विचारही नको. भारतात २००६ साली गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि गुरांसाठी मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आला. त्यामुळे गुरांची इंजेक्शनं औषधांच्या दुकानात सहज मिळतात, पण त्यांचं प्रमाण अनेक पटींनी तीव्र असतं. ती घरी वापरू नका.

मोजायला मिलिलिटरच्या खुणा असलेली १ मिलिलिटरची सिरिंज घ्या, सुई काढून. इन्शुलिनची सिरिंज घेऊ नका. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि आपल्याकडे (एका मिलिलिटरला) ४० व १०० युनिट अशा दोन्ही प्रकारच्या सिरिंजा मिळतात. १०० च्या सिरिंजवर २० युनिट म्हणजे ०.२ मिलिलिटर, पण ४० च्या सिरिंजवर २० युनिट म्हणजे ०.५ मिलिलिटर.

देण्याची पद्धत अशी:

१. आधी डेगूला थोडं गवत खाऊ द्या. रिकाम्या पोटी औषध नको.
२. बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी बसलेलं असतं आणि मात्रा रोज बदलते.
३. सिरिंज भरून खुणेवर नजर समांतर ठेवा, हवेचा बुडबुडा काढून टाका.
४. डेगूला छोट्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, अंगाखाली हात ठेवा, चारही पाय टेकलेले असू द्या. उताणा करू नका.
५. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेने, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत न्या आणि थेंब थेंब सोडा. प्रत्येक थेंब गिळू द्या. जोरात दाबलं तर औषध श्वासनलिकेत जातं.

टॉवेलला फार घाबरत असेल तर मोजलेलं औषध ओटच्या एका कोरड्या पाकळीवर जिरवून द्या, पण ती त्यानेच खाल्ली याची खात्री होईपर्यंत तिथून हलू नका. जोडीदार पळवतो. अर्धं थुंकलं असं वाटलं तरी पुन्हा मात्रा देऊ नका, पुढची वेळ येईपर्यंत थांबा.

फरक पाच-सात दिवसांत दिसायला हवा. पहिल्यासारखाच व्हिडिओ काढून शेजारी ठेवून बघा. फरक नसेल तर मात्रा मनाने वाढवू नका, डॉक्टरांना सांगा. ते मात्रा बदलतील किंवा गॅबापेन्टिनसारखं दुसरं औषध जोडतील. खाणं सुटलं, लेंड्या काळ्या किंवा पातळ झाल्या, पाणी पिणं एकदम वाढलं किंवा कमी झालं, तर मेलॉक्सिकॅम थांबवून त्याच दिवशी फोन करा. पोट आणि मूत्रपिंड या औषधाने दुखावू शकतात, आणि स्टिरॉइडबरोबर ते दिलं तर धोका फार वाढतो. दुसऱ्या कुणी स्टिरॉइड दिलं असेल तर ते आधी सांगा.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या नाहीत. दुखण्यावरची मलमं आणि जेल नाहीत, कारण डेगू ती चाटून पोटात घेतो. तिळाच्या तेलाने मालिशही नाही: तेलकट केसांत ऊब टिकत नाही, त्यात वाळू चिकटते आणि तेल चाटलं जातं. हळद-मिरीचं चाटण तर त्याच्या पोटाला नुसता त्रास. ग्लुकोसॅमिनचा डेगूला उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, तेव्हा द्यायचंच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि ते चघळायच्या गोड गोळीतून कधीच नाही.

ऊब, पण बेताची

गारठ्यात सांधे आखडतात. खोलीचं तापमान २० ते २४ अंशांत ठेवा आणि पिंजरा खिडकीच्या झोतापासून दूर हलवा. युरोपातल्या हिवाळ्यात किंवा पुण्या-नाशिकच्या थंडीत झोपायच्या जागी शेक द्यायचा तर विजेची गादी पिंजऱ्याच्या आत नको, तिची वायर कुरतडली जाते. रबरी पिशवीही फाडून टाकतील. चिनीमातीची किंवा जाड काचेची बाटली कोमट पाण्याने भरा, बूच घट्ट लावा, दोन पदरी सुती कापडात गुंडाळा आणि घरट्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा, चटका जाणवता कामा नये.

उन्हाळ्यात उलट काळजी. ३० अंशांच्या वर डेगूला उष्माघात होऊ शकतो, आणि दुखरा डेगू सावलीकडे चटकन सरकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून त्याला थंड खोली लागतेच. पिंजऱ्यात एक साधी फरशी ठेवा, तो तिच्यावर पोट टेकून पडेल.

खाणं आणि वजन

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या. दर आठवड्याला एकाच वाराला, एकाच वेळी, त्याला डब्यात बसवून वजन करा आणि लिहून ठेवा. २२० ग्रॅमच्या डेगूचे २०-२२ ग्रॅम दोन आठवड्यांत घटले तर दवाखाना गाठा. वजन वाढत असेल तर आधी गोळी-खाद्य कमी करा. एका डेगूला दिवसाला ५ ते १० ग्रॅम पुरतं, तेही काकवी आणि सुकी फळं नसलेलं. बाकी चोवीस तास सुकं गवत, टिमोथी किंवा मिश्र कुरणाचं. पुढच्या हातांना त्रास असेल तर गवताचे ५ ते ८ सेंटिमीटरचे तुकडे करा, पण फार बारीक नको, दाढा झिजायला लांब धागा लागतो. पुढचे दात नारिंगी-पिवळे असणं ही डेगूची निरोगी खूण आहे. ते फिके पडत चालले तर डॉक्टरांना दाखवा.

फळं, गूळ, बिस्किट, पोळी, भाकरी काहीही नको. औषधानंतरचं बक्षीस म्हणूनही नको. साखर डेगूच्या शरीराला पेलत नाही, मधुमेह होतो आणि त्यापाठोपाठ मोतीबिंदू. बक्षीस हवंच असेल तर कोथिंबिरीची एक काडी द्या.

नखं, केस, तळपाय

कमी फिरणाऱ्या डेगूची नखं झिजत नाहीत, लांब होतात, मग बोट तिरकं पडतं आणि सांधा आणखी दुखतो. तीन-चार आठवड्यांनी बघा आणि फक्त टोक कापा. आतली गुलाबी शीर दिसत नसेल तर मोबाइलचा उजेड मागून धरा. तेव्हाच तळपाय उलटून बघा: लाल, टक्कल पडलेला किंवा खपली धरलेला भाग दिसला तर अंथरूण जाड करा आणि डॉक्टरांना दाखवा.

वाळूस्नान चालू ठेवा. चिंचिलासाठी मिळणारी बारीक वाळू उथळ ताटात २-३ सेंटिमीटर पसरा, काठ एवढा कमी की पाय सहज पडेल. बांधकामाची वाळू खरखरीत असते, ती नको. लोळायला जमत नसेल तर लहान मुलांच्या मऊ दातब्रशने मानेपासून कमरेपर्यंत हलके विंचरा. मागे लघवीने केस ओले राहत असतील तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. आंघोळ घालू नका. पावसाळ्यात माश्या अशा ओल्या जागी अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत शेपटीखाली रोज बघा.

उचलताना दोन्ही हातांची ओंजळ अंगाखाली घाला किंवा त्याला डब्यात चालत येऊ द्या. शेपटी कधीच धरू नका. तिची कातडी निसटून येते आणि शेपटी पुन्हा उगवत नाही.

जोडीदाराला वेगळं करू नका

आजारी म्हणून डेगूला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवणं बहुतेक वेळा चुकतं. तो एकटेपणाने खंगतो, आणि काही दिवसांनी परत सोडलं की वास बदललेला असल्याने दोघं जीवघेणी भांडतात. औषध आणि वजन यापुरतंच पाच-दहा मिनिटं बाजूला घ्या. तरुण जोडीदार ढकलतो, जागा बळकावतो असं दिसलं तर खाण्याच्या वाट्या आणि घरटी दोन-दोन करा, घरट्याला दोन दारं ठेवा. चावे, रक्त दिसलं तर मात्र मध्ये जाळी लावा आणि दोघांची वाळूची ताटं रोज अदलाबदल करा, म्हणजे वासाची ओळख टिकते.

कधी थांबायचं नाही, कधी थांबायचं

अर्धा दिवस खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या, मागचे पाय अचानक फरफटू लागले, तोंड उघडून श्वास घेतोय: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

हळूहळू उतरणाऱ्या डेगूसाठी रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा: स्वतःहून खाल्लं का, स्वतःहून चाललं का, अंग विंचरलं का, जोडीदाराजवळ बसलं का. औषध चालू असूनही आठवड्यातले बहुतेक दिवस तीन उत्तरं नाही अशी येऊ लागली, तर डॉक्टरांशी वेदनारहित शेवटाबद्दल मोकळेपणी बोला. इंजेक्शनआधी भूल देणार का हे विचारून घ्या, म्हणजे त्याला सुईचं दुखणंही फारसं कळत नाही. त्यानंतर मागे राहिलेला डेगू एकटा पडतो. त्याचं खाणं आणि वजन पुढचे दोन आठवडे रोज बघा. नवा साथीदार आणायचं ठरलं तर दोघांची ओळख जाळीतून, वाळूची अदलाबदल करत, सावकाश करून द्या.